शिवेपासून शेतापर्यंत

बस थांबली आहे हे अरविंदला जरा उशिरानंच कळलं. आधी दिसली ती बाई. परळच्या नाक्यावर दुभाजकाच्या फटीतून कापडी पिशवी सांभाळत ती सरळ रस्त्यात उतरली आणि काचेच्या इतकी जवळ आली की तिच्या पिशवीतली मेथी त्याला वरून दिसली. मग मागून माणसांचा एकच गलका झाला, कुणाचं तरी डोकं समोरच्या दांड्याला लागलं, कंडक्टरनं नेहमीप्रमाणे सिग्नलला शिवी घातली, आणि ती बाई बसच्या तोंडाला हात लावून, जरा सर म्हटल्यासारखी, पलीकडे निघून गेली. तिला काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही. दुसऱ्या ड्रायव्हरनं हा प्रसंग पुढच्या स्टॉपपर्यंतसुद्धा लक्षात ठेवला नसता. पण अरविंदनं खाली पाहिलं तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर होता, आणि तो तिथे कधी गेला हे त्याला आठवत नव्हतं. मन मागे नेऊन नेऊन त्यानं शोधलं. बाई दिसली हे आठवत होतं. मेथी आठवत होती. मग एकदम उभी बस. मधलं काहीच नव्हतं. मग ब्रेक मारला कुणी, असं त्यानं स्वतःला विचारलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

प्रश्न खुळा आहे हे त्यालाही कळत होतं. ब्रेक त्यानंच मारला होता. बसमध्ये दुसरा ड्रायव्हर नव्हता आणि देव काही परळच्या नाक्यावर ब्रेक मारायला उतरत नाही. पण जे काम आपण केलं आणि आपल्याला ठाऊकही नाही, ते उद्या केलं नाही तरी आपल्याला ठाऊक होणार नाही, असा एक धागा त्याच्या डोक्यात निघाला आणि ओढत गेला तसा निघतच गेला. उभा जन्म त्यानं आपल्या पायाकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तो दिवसभर पायाकडे लक्ष देऊ लागला, आणि लक्ष दिलं की पाय बावळटासारखा वागायचा. सिग्नल दूर असतानाच ब्रेक. मोकळ्या रस्त्यात ब्रेक. फूटपाथवर कुणी खिशातून रुमाल काढला तरी ब्रेक. मागचे प्रवासी म्हणायचे, काय मास्तर, झोप झाली नाही का, आणि त्याची पाठ घामानं सीटला चिकटायची. शेवटी त्यानं मुदतीआधी नोकरी सोडली आणि सगळ्यांना सांगितलं की गुडघा गेला. गुडघा ही मोठी सोयीची जागा आहे. तिथे दुखतं म्हणणाऱ्याला कुणी खोटं पाडत नाही, आणि ड्रायव्हरचा गुडघा म्हटल्यावर लोक हळहळतातसुद्धा. त्याच्या बायकोनं, तुळसानं, तो गावी आल्या आल्या निर्गुडीचा पाला गरम करून त्या धडधाकट गुडघ्याला बांधायला सुरुवात केली. संध्याकाळी तो ओट्यावर पाय पसरून बसायचा, ती पाला बांधायची आणि विचारायची, बरं वाटतंय काय. तो हो म्हणायचा. बरं वाटायचंही. तिचे हात गरम असायचे, आणि कुणीतरी आपल्या कसल्या ना कसल्या दुखण्यावर इलाज करतं आहे एवढंही त्याला पुरायचं.

अशा माणसाच्या घरात ट्रॅक्टरची गोष्ट निघाली. पोलादपूर सोडून कुडपणच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी, आणि वाडीखाली ओढ्यापर्यंत एकाखाली एक उतरत गेलेली शेतं. बाप्ये मुंबईला आणि बाया शेतात ही तिथली जुनी वाटणी. तुळसाचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्या वाटणीत गेलं होतं. मुंबईला ती गेली ती पाहुणी म्हणून, आणि अरविंद गावी यायचा तोही जवळजवळ पाहुणा म्हणूनच. बैल होते तोवर तिनं निभावलं. मग बैलांमागे फिरायला माणूस राहिला नाही, गोठ्यांतून मोटारसायकली आणि जळाऊ लाकडं आली, आणि सगळी वाडी खालच्या गावच्या भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. तो ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं शेत करणार, मग त्याच्या भावकीचं, मग गावाचं, आणि त्यातून सवड झाली तर वरच्या वाडीकडे बघणार. गेल्या साली तो आला तेव्हा तुळसाची भाताची रोपं वाफ्यातच उंच होऊन पिवळी पडली होती. तीच लावली, आणि निम्मं पीक पोचट निघालं. तिनं आरडाओरडा केला नाही. चुलीपुढे भाकरी उलटता उलटता एवढंच म्हणाली की यंदा नांगर आपल्या दारातला पाहिजे. नसेल तर जमीन पडीक ठेवू आणि मी पण सोडते सगळं. अरविंदला तिचा आवाज ओळखीचा होता. ही नुसती बोलत नाही, हे त्याला कळलं. जमीन पडीक पडली असती तर दोघांनी इतकी वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी जेवून, वेगवेगळ्या ठिकाणी झोपून नक्की राखलं काय, याला उत्तर उरलं नसतं.

पुढचं कुणी बोलावंच लागलं नाही. बसचा ड्रायव्हर घरात असताना ट्रॅक्टर कोण चालवणार हा प्रश्नच नव्हता. तुळसाचा धाकटा भाऊ दीपक पोलादपूरला पिकप चालवायचा, महाडपासून महाबळेश्वरपर्यंत त्याच्या ओळखी. त्यानं चार दिवसांत शोध लावला की शिवथरच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्याला आपला जुना, छोटा ट्रॅक्टर द्यायचा आहे. दीपक म्हणायचा, भावजी, छोटाच बरा, आपल्या शेतांत मोठा वळायचा पण नाय. अरविंद हो म्हणाला. किमतीला हो म्हणाला, जायच्या दिवसाला हो म्हणाला. हो म्हणत राहणं सोपं होतं, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण गुडघ्यात नव्हतं. मोटार चालवायची भीती वाटते, असं वाक्य त्यानं एकदा शेतात एकट्यानं उच्चारून पाहिलं. आपला आवाज ऐकून त्याला इतकी लाज वाटली की त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग त्यानं मनाची समजूत घातली की ट्रॅक्टर म्हणजे काही बस नव्हे. शेतात कोण येतंय आडवं? मोकळं शेत असेल, आपण असू, फार तर बगळे असतील. माणूस समोर असायचं कारणच नाही. या एका विचारावर त्यानं ते दिवस काढले.

शिवथरला तो म्हातारा, भिकू, ट्रॅक्टर धुऊन, पुसून अंगणात उभा करून बसला होता. ट्रॅक्टर मूळचा लाल. ऊन खाऊन खाऊन आता धुवट लुगड्याच्या रंगाचा झाला होता. म्हाताऱ्याला चढता येत नव्हतं, मुलगे ठाण्याला होते आणि त्यांना ट्रॅक्टरपेक्षा त्याच्याखालच्या जागेत रस होता, असं त्यानंच सांगितलं आणि स्वतःच हसला. किमतीची घासाघीस त्यानं फार केली नाही. कुठल्या शेतात जाणार, उतार कितीसा, पावसात आडोसा आहे का, हेच विचारत राहिला. अरविंद ट्रॅक्टर तपासायला लागला आणि तपासतच राहिला. टायरच्या खाचेत बोट घातलं. ऑइलची पट्टी ओढून वास घेतला. रेडिएटरचं झाकण काढून आत डोकावला. खाली आडवा होऊन गळती शोधली, टुणकन उठला आणि मग आठवण येऊन जरा लंगडला. दीपक कौतुकानं बघत होता. भावजींची नजर म्हणजे नजर. भिकूनं हात लांब करून इंजिन चालू केलं. आधी काळा धूर आला, मग निळसर, मग नुसती गरम हवा. आवाज जुना होता पण खणखणीत, मधूनच एखादा ठोका चुकवून परत लयीत येणारा. अरविंदला तो आवाज आवडला आणि त्याच क्षणी तो दोन पावलं मागे सरला. कारण आता तपासायचं काहीच शिल्लक नव्हतं.

“बस की वर,” भिकू म्हणाला. “अंगणात एक फेरा मार. जनावर घेताना चालवून बघत नाय काय?”

अरविंदनं गुडघ्यावर हात ठेवला आणि दीपकला पुढे केलं. रस्त्यानं त्यालाच न्यायचाय, त्यालाच हात बसू दे, असं काहीसं बोलला. भिकूनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर वाईट नव्हती, पण ती बॉनेटवरून सरकत अरविंदच्या पायापर्यंत आली आणि तिथे जरा थांबली, असं त्याला वाटलं. खरं तर म्हाताऱ्याला मोतीबिंदू होता. पण भ्यालेल्या माणसाला आंधळ्याची नजरसुद्धा बोचते. दीपकनं झोकात एक फेरा मारला, व्यवहार झाला, चहा झाला, आणि निघताना भिकूनं ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवून काहीतरी पुटपुटलं ते इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

अरविंद त्याच पत्र्यावर बसला, एका हातानं दीपकच्या सीटची पाठ धरून, आणि खोऱ्याचा रस्ता हळूहळू मागे पडू लागला. बिरवाडी गेली. महाडच्या पुढे हायवेला मोठमोठे कंटेनर अंगावरून जायचे, त्यांच्या वाऱ्यानं सदरा फुगायचा, आणि अरविंद आपल्याही नकळत उजवा पाय पत्र्यावर दाबत होता. लोक असं करतात. दुसरा चालवत असला की ड्रायव्हरचा पाय गप्प बसत नाही. पण त्याला आता पायाची कुठलीच गोष्ट साधी वाटत नव्हती. हा पाय इथे पत्र्यावर रिकामा ब्रेक मारतोय, आणि खरा ब्रेक आला की काय करेल? बसमध्ये निदान काच होती. इथे समोर काहीच नाही, नुसतं बॉनेट आणि त्यापुढे जग. त्याच्या मनात मुंबईतली खोली येऊन गेली, जिथे वाडीतले सगळे बाप्ये पाळीपाळीनं झोपायचे. कुणी रात्रपाळीचा, कुणी दिवसपाळीचा, आणि भिंतीला प्रत्येकाची एकेक पेटी. तिथे तो सगळ्यांत मानाचा होता. बस चालवतो म्हटल्यावर गावाकडून आलेला नवा माणूस त्याच्याकडे मान वर करून बघायचा. तुळसा एकदा त्याच्या बसमध्ये बसली होती, पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि तिथून परत. उतरताना म्हणाली होती, तुमी त्या बसमदी दुसरंच कोण वाटता. तो तेव्हा फुशारला होता. आता ते वाक्य त्याला वेगळंच ऐकू येत होतं. खरंच दुसराच कुणी होता का तो, जो तिथे चालवायचा, ब्रेक मारायचा, आणि एक दिवस उतरून निघून गेला? मागे राहिला तो हा, पत्र्यावर बसलेला.

पोलादपूरला वडापाव खाताना त्यानं दीपकला हळूच पटवलं की ट्रॅक्टर थेट अंगणात लावून दे, गुडघा आज ठणकतोय. दीपक बरं म्हणाला. अरविंदला एवढं हलकं वाटलं की त्यानं आणखी एक वडापाव मागवला. आजचं टळलं होतं. उद्या शेतात एकटं असताना, कुणी बघत नसताना, सावकाश, बगळ्यांच्या साक्षीनं काय ते बघता आलं असतं. चढाला लागल्यावर तर तो चक्क डोंगर बघू लागला. करवंदांच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. ऊन कलत होतं. हिशेब सगळा नीट जमला होता, फक्त एक गोष्ट तो मुंबईत राहून राहून साफ विसरला होता.

वाडीत नवा बैल कधी कुणी नुसता आणून बांधला नव्हता. त्याला शिवेवर थांबवायचं. घरच्या बाईनं तांब्या घेऊन शिवेपर्यंत यायचं, त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळायचा, आणि मग त्याच्या पुढे चालायला लागायचं. मागे बैल, आणि बैलाचा कासरा ज्यानं घेतला त्याच्याच हातात. दुसऱ्याच्या हातानं आलेला बैल दुसऱ्याचाच राहतो. वाटेतल्या प्रत्येक दारात बायांनी पाणी घालायचं. आणि आधी गोठा नाही, आधी शेत. शेतात पाय लागले की मग घर. अरविंद लहान असताना वडलांनी पांढरा खोंड आणला होता. आई पुढे, खोंडाची शिंगं तिच्या पाठीपासून हातभर, वडील कासरा धरून, आणि अरविंद बांधावरून पळत. आई एकदाही घाबरलेली त्याला आठवत नव्हती. आपण मात्र त्या शिंगांकडे बघून डोळे मिटले होते, हे आठवत होतं. आता वळण घेऊन ट्रॅक्टर शिवेच्या आंब्याजवळ आला, आणि आंब्याखाली तुळसा उभी होती. नवी हिरवी साडी, हातात तांब्या, ताटात भाकरी, हळद, कुंकू. जत्रेला निघाल्यासारखी दिसत होती. तिनं हात वर केला आणि दीपकनं ट्रॅक्टर थांबवला.

तिनं चारही चाकांवर पाणी घातलं, पुढच्या लहान चाकांवर जरा जास्तच. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दीपक हसत होता पण त्यानं टोपी काढली होती. मग ती दीपकला म्हणाली, उतर. अरविंद पत्र्यावरूनच म्हणाला की गुडघा दुखतोय, आज दीपकच नेईल, आपण उद्या बघू. तुळसानं ताट खाली ठेवलं नाही.

“गुडघ्याला काय करायचा हाय?” ती म्हणाली. “बसून तर न्यायचा. कासरा तुमच्या हातात पायजे.”

“क्लच एकदम हलका हाय, भावजी,” दीपकनं वर मदत केली आणि खाली उडी मारली.

झालं. गुडघ्यानं इतके महिने साथ दिली आणि नेमक्या वेळी दगा दिला. अरविंदनं एकवार आंब्याकडे पाहिलं, एकवार रस्त्याकडे. तिला आत्ता सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही. पण ती साडीचा पदर कमरेला खोचून, त्याची वाट न बघता, बॉनेटच्या पुढे जाऊन उभी राहिली होती, त्याच्याकडे पाठ करून. तिच्या अंबाड्यात अबोलीची वेणी होती. ती त्यानं गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ही बाई गेला महिनाभर या एका संध्याकाळची तयारी करत होती हे त्याला त्या वेणीवरून कळलं, आणि तो सरकून सीटवर बसला. लोखंडी सीट दीपकच्या अंगानं गरम झालेली. पाय खाली गेले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. ब्रेकवर तो इतक्या जोरात होता की पोटरीत पेटका आला. समोर काच नाही, दांडा नाही, नाका नाही. समोर बायको होती. इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या गाडीपुढे ती आली नव्हती, आणि आज रीतच अशी होती की तिनं तिथे असावं, हातभर अंतरावर, आणि त्यानं मागून यावं. हे कुणी शोधून काढलं असेल, असा विचार त्याच्या डोक्यात आला. ज्यानं काढलं त्याला बहुतेक बायकोचा छळ होत असावा, असंही वाटलं, आणि त्या भीतीतसुद्धा त्याला थोडं हसू आलं.

त्यानं क्लच सोडला. ट्रॅक्टर एक गचका देऊन निघाला आणि तुळसा दचकून दोन पावलं पळाली. मग वळून तिनं पाहिलं. तिलाही भीती वाटत होती. मागून येणारं हे धूड खोंडासारखं हुंकारत नव्हतं, त्याच्या श्वासावरून त्याचं मन कळत नव्हतं. ती चालली. तो निघाला. दर काही पावलांनी ती वळून बघायची, आणि ती वळली की तो थांबायचा, आणि तो थांबला की ती म्हणायची, काय झाला? काय नाय, चाल. असं पहिल्या घरापर्यंत झालं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात सुटत नव्हता. पाय आता, पाय आता, असं तो मनात म्हणत होता. आत्ता दाब. आत्ता उचल. पहिल्या दारात सारिका पाण्याचा हंडाच घेऊन आली. तिच्या घरातून वास आला सुक्या मासळीचा. तिनं चाकांवर पाणी ओतलं, तुळसाला हळदीकुंकू लावलं आणि बॉनेटलाही लावलं. दुसऱ्या दारात दोघी होत्या. तिसऱ्या दारापाशी कुणीतरी चटई टाकून वाळत घातलेल्या आमसुलांवरून भांडण झालं, चाक त्यावरून जाईल म्हणून. चटई उचलली गेली. पुढे रस्ता उतरत होता. माणसं वाढत होती. सगळी वाडी, म्हणजे वाडीत उरल्या होत्या तेवढ्या बाया, आणि दीपक शेजारून चालत प्रत्येकीला ट्रॅक्टरची ताकद सांगत होता.

चौथं दार बनुबाईचं. ती अरविंदची चुलती, वाडीत सगळ्यांत म्हातारी, आणि कुणाचंही काम असो, त्यात आपली वेळ घेणारी. ती येऊन बॉनेटसमोर मधोमध उभी राहिली, कमरेची चंची सोडली, चंचीतून एक पुडी, पुडीतून दुसरी पुडी, आणि त्यात कुंकू नव्हतंच. ती तंबाखू निघाली. कुणीतरी कुंकवाचा करंडा आणायला आत गेलं. तोवर बनुबाईनं विचारलं की याला भाकरी दिली काय. तुळसा म्हणाली, ओवाळून टाकली. ओवाळून वेगळी, बनुबाई म्हणाली, तोंडात द्यायला पायजे. मग याचं तोंड कुठलं यावर सारिका, तुळसा आणि बनुबाई यांची बोलणी सुरू झाली. दीपकनं सायलेन्सर दाखवला. ते तोंड नाय, तिथून तर धूर जातोय, ते दुसरंच काय हाय, असं बनुबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ट्रॅक्टर उतारावर उभा, इंजिन धडधडतंय, रेडिएटरचा काटा वर सरकतोय, डिझेल जळतंय, उन्हं डोंगराआड चालली, खालच्या शेतात जायचंय, आणि या बायांना तोंड सापडत नाही. शेवटी त्यांनी पुढच्या जाळीत भाकरीचा तुकडा खोचला. तो पडला. पुन्हा खोचला. अरविंदची कानशिलं तापली. आख्खं आयुष्य मुंबईच्या गर्दीत काढलं, पण स्टॉपवर एवढा वेळ एकाही प्रवाशानं लावला नव्हता.

“अगो काकी,” तो ओरडला, “तो भाकरी खात नाय. सर बाजूला, अंधार पडायचा.”

आणि ओरडता ओरडता तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. त्याला राग आला होता. चांगला, रोजचा, घरगुती राग, बायका रमल्यावर नवऱ्याला येतो तेवढाच. पण त्या रागात दुसरं काहीच नव्हतं. त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता, सैलसर, हवा तेवढाच दाबलेला, डावा क्लचवर. इंजिन बंद पडू नये म्हणून हातानं कधीतरी स्टिअरिंगखालचा ॲक्सिलेटरचा दांडा खाली ओढला होता, तो कधी, देव जाणे. पहिल्या दारापासून इथवर तो कसा आला? आमसुलं आठवत होती, भांडण आठवत होतं, मासळीचा वास आठवत होता. थांबलेलं, निघालेलं, उतारावर सावरलेलं, यांतलं काहीच आठवत नव्हतं. पायानं ते सगळं करून टाकलं होतं, त्याला न विचारता, जसं आयुष्यभर करत आला होता, आणि तो आपला वर बसून बायकांवर चिडत होता. मग परळलाही तेच झालं असणार. पाय कुठे गेला नव्हता, काही विसरला नव्हता. पाय कामावर होता म्हणून तर त्याला मेथी बघायला फुरसत मिळाली. इतकं साधं होतं ते. त्याला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि नाक वाहायला लागलं, आणि ते पुसायला त्यानं स्टिअरिंगवरचा हात खुशाल काढला. छातीवरून कुणीतरी गोणी उतरवून घेतली असं वाटलं. सुटलो, असं तो खरोखर तोंडानं म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि गेलं असतं तरी त्याला चाललं असतं.

बनुबाई बाजूला झाली, कुंकू लावून, आणि वर अरविंदला म्हणाली, मुंबईला राहून लय घाईचा झालास. तो हो म्हणाला. रस्ता सुटला आणि शेताची वाट लागली. बैलांना ही वाट पुरायची. ट्रॅक्टरला पुरावी म्हणून तुळसानं सकाळी बांध तोडून दगडमातीचा उतार करून ठेवला होता, एकटीनं, कुणाला न सांगता. तो उतार बराच तीव्र होता. खाली तिचं शेत, उन्हात भेगाळलेलं, कडेला रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या राबाचा काळा चौकोन. बाया वर बांधावर थांबल्या. पुढे फक्त तुळसाला जायचं होतं. ती उताराच्या तोंडाशी आली, खाली बघितलं, मग वळून आधी ट्रॅक्टरच्या त्या मोठ्या चाकांकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. वेणी घामानं मानेला चिकटली होती.

“उतारावर आवरंल ना तुमाला?” तिनं विचारलं.

“तू चाल गो,” अरविंद म्हणाला. “मी हाय मागं.”

तिनं पदर नीट खोचला, पाठ फिरवली आणि उतरायला लागली. शेत लागेपर्यंत तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.